रुजू होण्याच्या दिवशी न विचारलेले प्रश्न

नियुक्तिपत्र शेवटच्या पानापासून वाचायची मला सवय लागली आहे. पहिल्या पानावर हुद्दा, पगार आणि अभिनंदन असते. नोटीस कालावधी, कपाती, बदलीचा अधिकार, गोपनीयता आणि 'कंपनीस योग्य वाटेल तेव्हा' अशा शब्दांनी सुरू होणारी कलमे शेवटच्या दोन पानांत दाटीवाटीने बसवलेली असतात. नोकरीसंबंधीच्या कायद्याबाबत सल्ला देणे हे माझे काम असल्यामुळे कधी लहान उद्योगाचा मालक समोर येऊन बसतो, तर कधी नुकतीच नोकरी गमावलेला माणूस. आणि दोघांच्याही हातात बहुधा असा कागद असतो, जो सही करताना दोघांपैकी कोणीच नीट वाचलेला नसतो. मालकाने तो दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या नमुन्यावरून उतरवून घेतलेला असतो आणि कर्मचाऱ्याने नोकरी मिळाल्याच्या आनंदात दाखवलेल्या जागी सही केलेली असते.

यात मला दोघांचाही फारसा दोष दिसत नाही. रुजू होण्याच्या दिवशी दोन्ही बाजू एकमेकांवर खूश असतात, आणि अशा वेळी 'उद्या पटले नाही तर काय' हा प्रश्न काढणे अशुभ बोलल्यासारखे वाटते. नव्या माणसाला भीती असते की असे काही विचारले तर आपण पहिल्याच दिवशी कटकटे ठरू. मालकाला वाटते की सगळे आधीच लिहून मागितले तर आपला विश्वास नाही असा अर्थ निघेल. नोकरीच्या कायद्याचा मोठा उपयोग मला इथेच दिसतो. येण्याच्या दिवशी जाण्याबद्दल बोलण्याचा संकोच माणसांना असतो. कायद्याला तो नसतो. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशानुसार कामाचे ठिकाण, स्वरूप, पगार, कामाचे तास आणि परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) कालावधी अशा मूलभूत अटी कर्मचाऱ्याला कामाच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत लेखी कळवाव्या लागतात. नोटिशीसह काही बाबींसाठी महिनाभराची मुदत आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून मुख्य अटींचे लेखी निवेदन पहिल्याच दिवशी देणे बंधनकारक आहे. एरवी ज्या संभाषणाला दोघेही टाळतात, ते या नियमांमुळे निदान कागदावर तरी घडते.

कायदा नेहमीच दुबळ्याच्या बाजूने उभा राहिला, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकातल्या महामारीने कामकरी माणसे कमी झाली आणि उरलेल्यांनी जास्त मजुरी मागायला सुरुवात केली, तेव्हा १३४९चा वटहुकूम आणि १३५१चा कायदा आला. त्याने मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली आणि धडधाकट माणसाला काम नाकारण्याची मुभा काढून घेतली. पुढे १८२३च्या मालक-नोकर कायद्यानुसार करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकत असे. मालकाने करार मोडला तर मात्र तो केवळ दिवाणी स्वरूपाचा वाद ठरत असे. एकाच कागदावरच्या दोन सह्यांचे वजन इतके वेगळे होते, आणि ते समान मानायला १८७५ साल उजाडावे लागले.

समानता मानल्यानेही प्रश्न संपला नाही. तो फक्त अधिक सभ्य झाला. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतल्या कामगारांचे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ यांपेक्षा जास्त असू नयेत असा कायदा केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली तो रद्द केला, कारण न्यायालयाच्या मते त्यामुळे मालक आणि कामगार या दोघांच्या करारस्वातंत्र्यावर गदा येत होती. बहुमताचा हा तर्क कागदावर निर्दोष दिसतो. फक्त त्यात एकाला काम न मिळाल्यास त्याच्या घरात चूल पेटणार नाही आणि दुसऱ्याला कामगार न मिळाल्यास तो दुसरा शोधेल, हा फरक कुठेच येत नाही. १९३७ साली किमान वेतनाच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ही भूमिका सोडली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ साली फिलाडेल्फिया येथे केलेल्या जाहीरनाम्यात 'श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे' हे तत्त्व पहिल्या क्रमांकावर ठेवले. १९१९ साली स्थापन झालेल्या या संघटनेची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे: तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा असतो, आणि प्रत्येकाचे मत स्वतंत्र असते. म्हणजे तिथले नियम मालकांच्या गैरहजेरीत लिहिलेले नाहीत, हे नियमांवर वैतागलेल्या मालकांना मी आवर्जून सांगतो.

इतके सांगूनही पहिला व्यावहारिक प्रश्न उरतोच: हा माणूस आपला कर्मचारी आहे की नाही? सगळे हक्क आणि सगळी कर्तव्ये या एका उत्तराला बांधलेली असल्यामुळे याच ठिकाणी सर्वांत जास्त चलाखी चालते. माझ्याकडे आलेल्या एका कागदपत्रांच्या गठ्ठ्यात दर महिन्याच्या शेवटच्या तारखेचे एकेक बिल होते. बिलावर 'सल्लागार शुल्क' असे लिहिलेले, रक्कम दर महिन्याला तीच, बिलाचा नमुनाही कंपनीच्याच लेखा विभागाने तयार करून दिलेला. त्याच गठ्ठ्यात त्या सल्लागाराचे ईमेलही होते. एका ईमेलमध्ये त्याने बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवसांची रजा मागितली होती आणि वरिष्ठांनी 'एकच दिवस मिळेल' असे उत्तर दिले होते. रजा मागावी लागते आणि ती नाकारली जाते, तो माणूस स्वतंत्र व्यावसायिक कसा, हा प्रश्न विचारायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही.

न्यायालये साधारण याच वाटेने जातात. काम कसे आणि केव्हा करायचे हे कोण ठरवतो, अवजारे आणि यंत्रे कोणाची, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मुभा आहे का, नफा-तोट्याची जोखीम कोणाकडे, आणि उत्पन्न एकाच ठिकाणावर अवलंबून आहे का, अशा अनेक खुणा एकत्र पाहिल्या जातात. कराराच्या मथळ्यावर काय लिहिले आहे ही त्यांतली फार तर एक खूण ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६च्या शिफारशीचा गाभाही हाच आहे की, कागदावरचे वर्णन काहीही असो, प्रत्यक्षात काम कसे होते आणि मोबदला कसा दिला जातो यावरून नाते ठरवावे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना याच दृष्टीने पाहिले. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारणाऱ्यावर निर्बंध कंपनी घालते, आणि चालकाला मिळकत वाढवायची असेल तर जास्त तास गाडी चालवण्यावाचून मार्ग नाही. तेव्हा हे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून किमान वेतन आणि पगारी रजेचे हक्कदार कामगार आहेत, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. त्या कायद्यात पूर्ण कर्मचारी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि चालक त्या मधल्या वर्गात बसले. सगळ्या देशांत असा मधला वर्ग नाही, म्हणून एकाच प्रकारच्या कामाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निकाल मिळतात.

मालकांना मी या बाबतीत एवढेच सांगतो की, खरोखर स्वतंत्र माणसाकडून काम करून घ्यायचे असेल तर त्याला स्वतंत्र राहू द्यावे. हजेरी आणि शिस्त कर्मचाऱ्याची, पण सुट्ट्या आणि विमा परक्याचा, ही व्यवस्था स्वस्त वाटते खरी. मात्र वर्गवारी चुकीची ठरली की मागच्या अनेक वर्षांचे देणे एकदम अंगावर येते.

पगाराच्या बाबतीत वाद बहुधा आकड्यावरून होत नाही. तो कपातीवरून आणि तासांवरून होतो. वेतनाच्या संरक्षणाविषयीचा १९४९चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की कामावर घेण्यापूर्वीच वेतनाच्या अटी समजावून सांगाव्यात, वेतन नियमित द्यावे, कपात केवळ कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने मान्य केलेल्या मर्यादेतच करावी, आणि मिळालेला पगार कसा खर्चायचा यात मालकाने ढवळाढवळ करू नये. शेवटचा मुद्दा आज विचित्र वाटेल. पण मजुरी नाण्यांऐवजी मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत देण्याची पद्धत एकेकाळी इतकी पसरलेली होती की, ब्रिटनला १८३१ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

पगाराची स्लिप हातात घेऊन बसले की मी लोकांना उजवी बाजू आधी वाचायला सांगतो. डावीकडे मूळ वेतन आणि भत्ते असतात, ते सगळ्यांना पाठ असतात. उजवीकडे कराची आणि सामाजिक सुरक्षेची कपात असते, आणि तिच्याखाली कधीकधी 'इतर' नावाची एक ओळ असते. त्या 'इतर'मध्ये मी फुटलेल्या मोबाइलची किंमत पाहिली आहे, उशिरा आल्याचा दंड पाहिला आहे, आणि काम सोडून गेलेल्या सहकाऱ्याने न भरलेली उसनवारीही पाहिली आहे. ज्या कपातीला नाव देण्याचा संकोच वाटतो, ती कपात बहुधा करता येण्यासारखी नसते.

तासांचा प्रश्न यापेक्षा जुना आणि चिवट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अगदी पहिला करार, १९१९चा, कारखान्यांतल्या दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांविषयीच होता. शंभर वर्षांनंतर, १४ मे २०१९ रोजी, युरोपीय न्यायालयाला सांगावे लागले की प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज किती वेळ काम केले हे मोजण्याची वस्तुनिष्ठ आणि विश्वासार्ह व्यवस्था मालकाने ठेवली पाहिजे, कारण मोजमापच नसेल तर मर्यादा ओलांडली की नाही हे कळणार कसे? अमेरिकेत १९४६च्या एका निकालाने याच अडचणीवर वेगळ्या बाजूने तोडगा काढला. मालकाने तासांची नोंदच ठेवली नसेल, तर कर्मचाऱ्याकडे नेमका हिशेब नाही म्हणून त्याला विन्मुख पाठवता येणार नाही. त्याने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा दिला की तो खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर जाते. हजेरीपट ही कर्मचाऱ्यावर पाळत ठेवण्याची वस्तू आहे असे समजणाऱ्या मालकांना हा निकाल समजावून सांगितला की त्यांचा चेहरा बदलतो, कारण वाद उभा राहतो त्या दिवशी तो पट मालकाच्याच बचावाचा कागद असतो.

सुरक्षिततेबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण तिथे मतभेदाला जागा कमी आहे. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता आणि १४६ कामगारांचा जीव गेला. तरीही सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाच्या जागेला संघटित होण्याचे स्वातंत्र्य, सक्तीच्या श्रमांना बंदी, बालमजुरीचे निर्मूलन आणि भेदभावाला मनाई या मूलभूत तत्त्वांच्या पंगतीत आंतरराष्ट्रीय स्तरावर स्थान मिळाले ते थेट २०२२ साली.

भेदभावाबाबत मात्र एक गैरसमज वारंवार भेटतो. 'आम्ही बाई-पुरुष असा फरक करत नाही, एकाच कामाला एकच पगार देतो' असे मालक मनापासून सांगतात, आणि ते खोटेही नसते. परंतु १९५१च्या समान वेतनाच्या आंतरराष्ट्रीय कराराची भाषा 'समान मूल्याचे काम' अशी आहे. इंग्लंडमधल्या डॅगनम येथे फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी १९६८ साली संप केला, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच नव्हती की पैसे कमी मिळतात. त्यांचे शिवणकाम कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकले गेले होते, ही मूळ तक्रार होती. त्या संपातून पगारवाढ मिळाली, १९७०च्या समान वेतन कायद्याला गती मिळाली, पण त्यांच्या कामाची श्रेणी बदलली ती १९८४ साली, आणखी एका संपानंतर. श्रेणी ठरवणाऱ्या तक्त्यात अन्याय असा शांतपणे बसून राहू शकतो, कारण तो तक्ता कोणा एका माणसाने रागाने केलेला नसतो.

आता काढून टाकण्याविषयी. इथे देशोदेशींचे अंतर फार मोठे आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, वेगळा करार नसेल तर, कारण न देताही नोकरी संपवता येते. भेदभाव किंवा सूडबुद्धीसारखी बेकायदा कारणे तेवढी वर्ज्य आहेत. अपवाद माँटाना राज्याचा, जिथे १९८७च्या कायद्याने परिवीक्षा संपलेल्या कर्मचाऱ्याला काढायला योग्य कारण लागते. उलट जर्मनीत सेवासमाप्ती कागदावर, सहीनिशी द्यावी लागते. मोबाइलवरच्या संदेशाने किंवा ईमेलने दिलेली नोटीस तिथे नोटीसच ठरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये १९८२चा आंतरराष्ट्रीय करार उभा आहे: कारण हवे, ते माणसाच्या कुवतीशी, वर्तनाशी किंवा उद्योगाच्या गरजेशी संबंधित हवे, आणि कुवत किंवा वर्तनावर बोट ठेवायचे असेल तर आधी त्याला आपली बाजू मांडू द्यायला हवी.

ही बाजू मांडू देण्याची पायरी अनेक मालकांना निव्वळ औपचारिकता वाटते. एका मालकाची तक्रार मला पूर्णपणे खरी वाटली होती. त्याचा एक कर्मचारी काम नीट करत नव्हता, ग्राहक नाराज होते, सहकारी वैतागले होते. मी फाइल मागवली. तिच्यात तीन वर्षांचे वार्षिक मूल्यमापन होते आणि तिन्ही वर्षी 'समाधानकारक' असा शेरा होता. मालक म्हणाला, 'साहेब, तो गरीब स्वभावाचा आहे, त्याला लेखी लिहून कशाला दुखवायचे?' त्याच्या या चांगुलपणामुळे त्या माणसाला सुधारण्याची एकही खरी संधी मिळाली नव्हती, आणि मालकाकडे दाखवायला एकही कागद नव्हता. वेळेवर दिलेली ताकीद, काय चुकले याचा स्पष्ट उल्लेख आणि सुधारण्यासाठी दिलेली मुदत यांत कठोरपणा आहे असे मला वाटत नाही. तीन वर्षे 'समाधानकारक' लिहून चौथ्या वर्षी दार दाखवण्यात आहे.

दुसऱ्या बाजूची फाइल याहून पातळ असते. तिच्यात पुष्कळदा एकच कागद असतो, राजीनामा. एका स्त्रीने तो मला दाखवला तेव्हा 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या, थरथरत्या अक्षरात होते. तिला खोलीत बोलावले होते, समोर दोघे अधिकारी होते, टेबलावर कोरा कागद आणि पेन होते. स्वतःहून लिहिलेस तर अनुभवपत्र चांगले मिळेल, नाहीतर आम्हाला वेगळी कारवाई करावी लागेल, असे तिला सांगितले गेले, आणि कोणते शब्द लिहायचे तेही सुचवले गेले. दबावाखाली लिहून घेतलेला राजीनामा ही प्रत्यक्षात सेवासमाप्तीच असते, हे तत्त्व अनेक देशांतली न्यायालये मानतात. परंतु दबाव सिद्ध करण्याचा भार बहुधा लिहिणाऱ्यावर पडतो. तिने एक शहाणपणाचे काम केले होते. त्याच संध्याकाळी घरी जाऊन तिने घडलेला सगळा प्रकार तारीख, वेळ आणि उपस्थितांच्या नावांसह कंपनीला ईमेलने कळवला होता. त्याच दिवशी लिहिलेला ईमेल आणि दोन महिन्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून लिहिलेले पत्र यांच्या वजनात फार फरक पडतो.

वेळेचा मुद्दा निघालाच आहे तर हेही सांगायला हवे की, नोकरीच्या वादांत दाद मागण्याची मुदत लोकांना वाटते त्याहून पुष्कळदा बरीच आखूड असते. जर्मनीत काढून टाकण्याला आव्हान द्यायचे तर नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत न्यायालयात जावे लागते. ती मुदत गेली की नोटीस वैध मानली जाते, मग कारण कितीही लंगडे असो. धक्क्यातून सावरण्यातच तीन आठवडे जातात, हे मान्य करूनही मी येणाऱ्याला पहिला प्रश्न तारखेचाच विचारतो.

नोकरी संपल्यानंतरही मागे लागणारे एक कलम असते: अमुक वर्षे स्पर्धक कंपनीत काम करणार नाही. नियुक्तिपत्राच्या शेवटच्या पानावर ते जवळजवळ नेहमी सापडते, आणि ते कितपत लागू होते हे मात्र क्वचितच कोणाला माहीत असते. गंमत अशी की कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा आणि भारताचा करार कायदा हे दोन्ही १८७२चे; दोघांतही माणसाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सामान्यतः रद्दबातल ठरवणारे कलम आले, आणि दोन्हींचे मूळ डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या कायदेपंडिताच्या मसुद्यात आहे. इतर अनेक ठिकाणी कालावधी, भूभाग आणि कामाचे स्वरूप वाजवी असेल तर असे कलम टिकते, आणि काही देशांत त्या काळाचा मोबदला दिल्याशिवाय टिकत नाही. गोपनीय माहिती न फोडण्याचे बंधन ही निराळी गोष्ट आहे आणि ते बहुतेक सगळीकडे टिकते. मालकांनी या दोहोंची सरमिसळ करू नये. जपायची असते ती माहिती, आणि ती जपण्यासाठी माणसाची उपजीविका अडवण्याची गरज सहसा नसते.

शेवटी हिशेब आणि अनुभवपत्र. थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि परत करायच्या वस्तूंची यादी यांवरून होणाऱ्या भांडणांत कायद्यापेक्षा मानापमान अधिक असतो, म्हणून त्यात मी फार शिरत नाही. अनुभवपत्राचे मात्र तसे नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९९४ साली ठरवले की असे पत्र देणाऱ्या मालकाने ते काळजीपूर्वक दिले पाहिजे आणि निष्काळजीपणामुळे कर्मचाऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई द्यावी लागू शकते. जर्मनीत हे पत्र खरेही हवे आणि कर्मचाऱ्याच्या पुढच्या वाटचालीला सहानुभूतीने मदत करणारेही हवे, आणि वरवर स्तुती वाटेल पण जाणकाराला निंदा कळेल अशी सांकेतिक भाषा वापरायला कायद्यानेच मनाई केली आहे. त्या तीन वर्षे 'समाधानकारक' लिहिणाऱ्या मालकाने तडजोड झाल्यावर मला विचारले होते की आता अनुभवपत्रात काय लिहू. चांगले लिहिले तर खोटे होते आणि वाईट लिहिले तर पुन्हा भांडण. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा आणि प्रत्यक्ष केलेले काम इतकेच लिहा, असे मी सांगितले. त्याने ते लिहिले, शिक्का मारला, आणि मग दाराशी थांबून नव्याने घ्यायच्या माणसाच्या नियुक्तिपत्राचा मसुदा पाहाल का, असे विचारले. मी होकार दिला, आणि मसुदा पाठवण्याआधी त्या माणसाशी शेवटच्या दोन पानांवर समोरासमोर बोलून घ्या, अशी अट घातली.